युरिया संपला की भत्ता कापायचा? हा कुठला न्याय?

स्टेअरिंग
काल या ग्रुपवर एका गाडीमालकाने आपल्या कंपनीचे नियम मोठ्या अभिमानाने लिहिले. युरिया, म्हणजे डिझेल गाडीचा धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते युरियाचं पाणी, फक्त कंपनीच्या यार्डातच भरायचा, रस्त्यात घेतला तर बिल पास होणार नाही, आणि डिझेलच्या ५ टक्क्यांवर गेला तर फरक ड्रायव्हरच्या भत्त्यातून. शेवटी लिहिलंय, "चार महिन्यांत ड्रायव्हर सरळ झाले." हे वाचल्यापासून डोकं तापलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

१६ वर्षं स्टेअरिंगवर आहे. आमच्या कंपनीतही हेच नियम. गेल्या जुलैत जेएनपीटी बंदराच्या रांगेत दीड दिवस उभा होतो. पाऊस धो धो, गाडी कधी चालू, कधी बंद. कंटेनर लागला तेव्हा मीटरमध्ये युरियाची लाइट आलेली. कळंबोलीच्या पंपावर युरियाच्या बादल्या रचून ठेवलेल्या दिसत होत्या. ऑफिसला फोन केला. उत्तर आलं, "बिल मिळणार नाही, चाकणला ये, इथे भर." खिशात सातशे रुपये, बादली हजाराच्या वर. निघालो. खालापूरला चहा घेतला, परत चावी फिरवली आणि गाडी २० च्या पुढे जाईना. युरिया संपला की गाडीचा कॉम्प्युटरच वेग रोखतो. भरलेला ट्रेलर, बोरघाट, रात्रीचे दोन, मागे लक्झरी बसेस हॉर्न मारतायत. पार्किंग लाइट लावून मुंगीसारखा चढलो. मागून कुणी ठोकलं असतं तर बायकोला काय सांगितलं असतं? ऑफिसचा नियम होता म्हणून?

वर त्या ट्रिपचे साडेसहाशे कापले. कारण काय, तर ५ टक्क्यांच्या वर गेला.

गाडीमालक, नाशिक रोड
ते लिहिणारा मीच. तुमच्यासोबत झालं ते वाईटच, पण माझी बाजूही ऐका. २०२० च्या एप्रिलपासून बीएस ६ हे धुराचे कडक नियम आले, तेव्हापासून डिझेलसोबत युरियाचाही हिशोब ठेवावा लागतोय. पहिल्या दोन वर्षांत मी ड्रायव्हरवर पूर्ण विश्वास टाकला. मिळालं काय? पंपावरची बादली विकायची, ढाब्यामागे कॅनमधलं स्वस्तातलं भरायचं आणि बिल पूर्ण लावायचं. एका गाडीचा नॉक्स सेन्सर, म्हणजे धुरातला विषारी नॉक्स वायू मोजणारा, गेला, ३७ हजार. दुसऱ्या गाडीत तर कुणीतरी साधं पाणी ओतलं होतं. हप्ता माझ्या नावावर आहे. गाडी वर्कशॉपमध्ये उभी राहिली म्हणून बँक थांबते का?

स्टेअरिंग
चोरी केली त्याला पकडा. बाकी सगळ्यांना एकाची शिक्षा कशाला?

मिस्त्री
२२ वर्षं गाड्या खोलतोय, म्हणून बोलतो. दोघंही अर्धं सांगताय.

आधी टक्क्याचं. युरिया जळणाऱ्या डिझेलच्या मागे मागे जातो, पण सरळ रेषेत नाही. घाटात लोड घेऊन चढताना इंजिन तापतं, नॉक्स जास्त होतो, कॉम्प्युटर जास्त फवारतो. रिकामी गाडी समृद्धीवर एका वेगात नेणाऱ्याला ३ टक्के येईल, बोरघाट चढणाऱ्याला ६ येईल. दोघांना एकच पट्टी लावणारा मालक गाडी चालवत नाही, एवढंच कळतं.

आता भरण्याचं. मालक यार्डाचं गुणगान करतात. मागच्या महिन्यात एका यार्डात गेलो होतो. २०० लिटरचं पिंप उन्हात उघडं, तोंडावर गोणपाट, शेजारी डिझेलचंच नरसाळं. त्याच नरसाळ्याने युरिया भरत होते. टाकीच्या निळ्या झाकणाभोवती पांढरा थर एवढा जमलेला की झाकण पान्याने फिरवावं लागलं. हे मीठ नव्हे, सुकलेला युरिया आहे. तोच नोझलच्या तोंडाशी जमला की गाडी बसलीच. हे चांगल्या युरियाचंही होतं, भेसळीच्या युरियाने लवकर होतं. ठरलेलं मिश्रण ३२.५ टक्के युरिया आणि बाकी डिमिनरलाइज्ड, म्हणजे क्षार काढलेलं पाणी, आयएसओ २२२४१ या मानकाप्रमाणे. बोअरच्या पाण्याने बनवलेल्यात क्षार आलेच. आणि ढाब्यामागचा माल बहुतेक खताच्या दुकानातल्या गोणीतून बनलेला असतो.

यवतमाळचा शेतकरी
थांबा. हेच वाचायला आलो होतो. खताच्या दुकानातल्या गोणीतून!

आम्ही खरिपात पहाटे चारला आधार कार्ड घेऊन रांगेत उभे राहतो. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैसे, हा भाव सरकारचा. दुकानदार म्हणतो सोबत नॅनो युरियाची बाटली घ्या, झिंक घ्या, नाहीतर गोणी नाही. लिंकिंग म्हणतात त्याला. कपाशी पिवळी पडते आणि गोणी ट्रकच्या टाकीत जाते? ती गोणी आमच्या सबसिडीची आहे. हिशोब करा, २० लिटरच्या बादलीत ७ किलो युरिया. म्हणजे एका गोणीत सहा बादल्या. २६६ रुपयांचा माल सहा हजाराला.

गाडीमालक, नाशिक रोड
अहो काका, ती गोणी विकतो कोण? तुमच्याच गावचा दुकानदार. ट्रकवाला शेतात येऊन पळवत नाही.

यवतमाळचा शेतकरी
दुकानदाराचं नाव घेऊन आमच्या तोंडाला पानं पुसू नका! विकत घेणारा नसता तर विकला असता का? खत नियंत्रण आदेश १९८५ पासून आहे, खताचा दुसरीकडे वापर हा गुन्हा आहे. गुन्हा कुणावर नोंदला? २०१५ पासून शेतीचा सगळा युरिया कडुनिंबाचा लेप देऊन येतो, पळवापळवी थांबावी म्हणूनच. थांबली का? तुमचं इंजिन बिघडतं म्हणून तुम्ही रडताय, माझं पीक गेलं तेव्हा तुमच्यापैकी कोण बोललं?

मिस्त्री
लेपाचं खरं आहे. कडुनिंबाचं तेल पाण्यात विरघळत नाही, फिल्टरवर तवंग धरतो. बादलीचं झाकण उघडून वास आला की लोक ओळखतात. तरी भरतात.

स्टेअरिंग
काका, मीही शेतकऱ्याचा मुलगा. तुमचा राग खरा आहे. पण ढाब्यामागचा कॅन ड्रायव्हर हौसेने घेत नाही. रस्त्यातलं बिल मिळणार नाही म्हटल्यावर पंपाची हजाराची बादली तो कुठून घेणार? असले नियमच त्याला कॅनकडे ढकलतात.

गाडीमालक, नाशिक रोड
म्हणजे नियम केला म्हणून चोरी होते, नाही केला तरी चोरी होते. वा!

ड्रायव्हरची लेक
मी बँकेत आहे, गाडीतलं कळत नाही. पप्पांचं सांगते. त्यांच्या कंपनीत हीच पद्धत होती. एकदा अकोल्याजवळ गाडी थांबली. ते फोनवर म्हणाले, "युरिया संपलाय, उद्या बोलू." चार्जिंगही गेलं. आईने रात्रभर देव्हाऱ्यासमोर दिवा विझू दिला नाही. सकाळी कळलं, शेजारच्या ट्रकवाल्याने त्यांना स्वतःच्या पैशाने बादली दिली होती. पप्पांनी पगारातून ते पैसे पाठवले. कंपनीने त्यांना एक रुपया दिला नाही, गाडी कंपनीचीच असून.

गाडीमालक, नाशिक रोड
ताई, हे वाचून बरं नाही वाटलं.

ठीक आहे. रस्त्यात घ्यायचं झालं तर अधिकृत पंपावरून घ्या, बादलीचा आणि बिलाचा फोटो टाका, पैसे त्याच रात्री पाठवतो. पण कॅनमधलं भरलेलं सापडलं तर सेन्सरचा खर्च ज्याचा त्याचा. यात मी मागे हटणार नाही.

मिस्त्री
कॅनमधलं की यार्डातलं, ठरवणार कोण? एक रिफ्रॅक्टोमीटर घ्या, थेंब टाकला की युरियाची टक्केवारी दिसते. दर ट्रिपच्या आधी ड्रायव्हरसमोर मोजा आणि वहीत दोघांच्या सह्या. क्षार त्यात दिसत नाहीत, पण पाणी घातलेलं कळतं, निम्मं भांडण तिथेच मिटतं. आणि आधी ते डिझेलचं नरसाळं फेका.

गाडीमालक, नाशिक रोड
नरसाळ्याचं मान्य. माझ्या यार्डातही तसंच होतं.

यवतमाळचा शेतकरी
आणि माझी गोणी?

स्टेअरिंग
काका, कॅन विकणारा मनमाडजवळचा ढाबा मला माहीत आहे. तक्रार मी लेखी देतो, नावानिशी. आणि शेठ, तुमच्या ड्रायव्हरांकडून चार महिन्यांत कापलेले पैसे कधी परत करताय, तेवढं सांगा.