नववीतल्या मुलाला बीपीची गोळी? सांगली-मिरजेत कुणाला अनुभव आहे का?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)
मुलगा चौदा वर्षांचा, वजन ७८ किलो. शाळेच्या तपासणीत बीपी जास्त निघालं. मग बालरोगतज्ज्ञ मॅडमनी वेगवेगळ्या दिवशी मोजलं, तरी १३६/८६ च्या आसपासच. लघवी-रक्त, किडनीची सोनोग्राफी नॉर्मल आहे. वजन आणि मीठ कमी करा, सहा महिन्यांत उतरलं नाही तर गोळी, असं त्या म्हणाल्या. सासूबाईंचं एकच, गोळी लागली की जन्माची लागली. हल्ली पोरांना सर्रास देतात का हो?

उत्तर १ (मिरज)
ताई, दवाखान्यांच्या गल्लीत माझं मेडिकल आहे. पूर्वी लहान मुलाच्या चिठ्ठीवर बीपीची गोळी दिसली की किडनीचा पेशंट असणार हे ठरलेलं. आता अंगानं भरलेली आठवी-नववीची पोरंही येतात. सर्रास नाही, पण येतात.

औषधंही बदललीत. ॲटेनोलॉल मागे पडलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१७ च्या नियमांत ॲटेनोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर गटातल्या गोळीनं सुरुवात करू नका म्हटलंय. आता ॲम्लोडिपिन, एनालाप्रिल, लोसार्टन. त्याच नियमांत तेरा वर्षांपुढं मोठ्यांसारखी १३०/८० ची रेघ आली, तिथून पुढं बीपी जास्त धरायचं. त्याखालच्या वयाला अजून वय, उंची आणि मुलगा की मुलगी बघून तक्ता लावतात.

आणि ‘मोठ्यांची औषधं पोरांना’ असंही राहिलं नाही. अमेरिकेत १९९७ चा कायदा आला, औषधाच्या मुलांवर चाचण्या करणाऱ्या कंपनीला ते विकायची सहा महिने जादा मक्तेदारी मिळू लागली, मग कुठं मुलांचे डोस लेबलवर आले. कंपन्या फायद्याशिवाय हलत नाहीत, पण इथं पोरांचं भलं झालं.

जन्माची म्हणाल तर, वजनामुळं वाढलेलं बीपी वजन उतरल्यावर बऱ्याचदा खाली येतं आणि डॉक्टर गोळी कमी करत बंदही करतात. आपल्या मनानं मात्र बंद करू नका.

उत्तर २ (कऱ्हाड)
आमची मुलगी नऊ वर्षांची, सडपातळ. डोकं दुखतं म्हणायची. आम्ही चष्म्याचा नंबर समजत होतो. किडनीच्या रक्तवाहिनीत अरुंदपणा निघाला. तिथं सहा महिने थांबायचा प्रश्नच नव्हता, गोळी लगेच सुरू. तुमच्या मॅडमनी सोनोग्राफी करून घेतली हे बरं केलं.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. पण दुपारी भडंग आणि जेवताना पापड-लोणचं, हे कसं तोडू? आमच्याकडं ताट वाढलं की पहिला हात लोणच्याकडं जातो.

उत्तर १ (मिरज)
भडंग घरी करा, मीठ अर्धं टाका. लोणच्याची बरणी टेबलावरून उचला, मागितली तरच द्या. आणि पुढच्या वेळी दंडाचा पट्टा बघा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी जास्तच दाखवतं. चोवीस तास बीपी मोजणारं मशीन लावता येईल का, हेही मॅडमना विचारा. दवाखान्यात शिरलं की बीपी चढणारी पोरं त्यात वेगळी निघतात.