मदत हवी आहे: आमच्या भागातलं जुनं थिएटर नक्की कधीचं?

मंडळी, आमच्या भागात एक बंद पडलेलं एकपडदा थिएटर आहे, त्याचा इतिहास लिहून काढायचाय पण सुरुवातीचं सालच हाती लागत नाहीये, जो तो वेगळं सांगतो. आत जाऊन बघायला मिळालं म्हणून जे दिसलं ते सांगतो. प्रोजेक्टर रूमच्या खिडक्यांवर लोखंडी झडपा आहेत, आग लागली की आपोआप खाली पडणाऱ्या, म्हणजे नायट्रेट फिल्मच्या काळातलं बांधकाम असावं कारण ती फिल्म भयंकर पेट घ्यायची आणि १९५० च्या सुमारास सहज पेट न घेणारी सेफ्टी फिल्म सर्रास आल्यावर नायट्रेटचा वापर संपत गेला. छतातून धुराडं गेलंय, पूर्वी प्रोजेक्टरमध्ये कार्बनच्या कांड्या जाळून उजेड करायचे त्याच्या धुरासाठीच असणार. पडद्यासमोर वादकांना बसायला खोलगट जागा पण आहे!! मग हे मूकपटाच्या काळातलं, का आधी नाटकाचं थिएटर होतं? पडद्याची चौकट मात्र नंतर रुंद केलेली कळते, दोन्हीकडचं नक्षीकाम सरळ कापलंय (जीव हळहळला बघून), ते १९५३ नंतर सिनेमास्कोपमुळे (म्हणजे रुंद पडद्यावरच्या सिनेमांमुळे) केलं असेल असा माझा अंदाज.

आता प्रश्न. जुन्या पेपरातल्या सिनेमाच्या जाहिराती सोडून अजून कुठे शोधायचं? परवान्याचे कागद, बांधकामाचे नकाशे सामान्य माणसाला बघायला देतात का, आणि अर्ज नेमका काय म्हणून करायचा? कोणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा, आणि जुन्या ऑपरेटर लोकांशी बोलताना काय काय विचारावं तेही.