नाशिकच्या घरची केबल काढायची आहे, इथून अँटेना नेऊ का?

प्रेषक: इंदिरानगर, सध्या एडिसन

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या हॉलची चर्चा रंगात आलेली असताना मध्येच वेगळा विषय काढतेय, पण दिवाळीला नाशिकला जायची तिकिटं झालीत आणि त्याआधी हे ठरवायचंय.

आम्ही इथे न्यू जर्सीत केबल काढली. बिलात दर वर्षी फुगत जाणारी एक 'ब्रॉडकास्ट फी' होती, आणि ज्या चॅनेलांच्या नावाने ती लावायचे ते एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स सगळे हवेतून फुकट येतात! पोटमाळ्यावर अँटेना बसवला, तोंड न्यूयॉर्ककडे केलं, झालं. सुरुवातीला कागदासारखा सपाट अँटेना खिडकीला चिकटवला होता, पण त्यावर 7 आणि 11 नंबरचे चॅनेल नीट येईनात, कारण ते दोन अजून व्हीएचएफवर, म्हणजे लांब लहरींच्या पट्ट्यावर आहेत. मग थोडा मोठा घेतला. मराठीसाठी झी फाइव्ह, मॅचसाठी विलो. मुलं काय बघतात ते मुलांनाच ठाऊक.

आता हेच आई-बाबांकडे करावं असं डोक्यात आहे. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, फायबरचं नेट आहे, टीव्ही स्मार्ट आहे, आणि तरी बाबा दर महिन्याला केबलवाल्याला पैसे मोजतात. चॅनेल ढीगभर, बघायचे चार. तो सपाट अँटेना पडूनच आहे, बॅगेत सहज मावेल. तिथे दूरदर्शन वगैरे येईल ना त्यावर? बाकी सगळं ॲपवर. कुणी केलंय का असं?

– इंदिरानगर

प्रेषक: गंगापूर रोड, आता कायमचा गंगापूर रोड

ताई,

अँटेना आणू नका. त्या जागेत बदाम-पिस्ते आणा, आईला जास्त उपयोग होईल.

अँटेना म्हणजे शेवटी धातूच, त्याला देश कळत नाही. अडचण अशी की नाशिकच्या हवेत त्याला धरायला काही नाही. अमेरिकेत 12 जून 2009 ला मोठी केंद्रं ॲनालॉग सोडून डिजिटल झाली, पण प्रक्षेपण मनोऱ्यांवरूनच चालू राहिलं. तुमच्याकडे आजही एम्पायर स्टेट आणि वन वर्ल्ड ट्रेडच्या माथ्यावरून येतं ते तेच. इकडे दूरदर्शनने 2016 मध्ये 16 शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं. यादीत मुंबई होती, औरंगाबाद होतं, नाशिक नव्हतं. जुने ॲनालॉग ट्रान्समीटर 2022 पर्यंत बहुतेक सगळे बंद झाले. मुंबईचं पकडू म्हणाल तर मध्ये अख्खा सह्याद्री उभा आहे. आणि कुणी तिकडचा टीव्हीच उचलून आणायच्या विचारात असेल (अशी माणसं या लिस्टवर आहेत, नावं घेत नाही), तर त्याचा ट्यूनर एटीएससी या तिकडच्या प्रक्षेपण पद्धतीचा, इथली पद्धत डीव्हीबी. त्याचा इथे काही उपयोग नाही.

तुमच्या अँटेन्याचं काम इथे छत्री करते. डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची उपग्रहावरून येणारी सेवा. 2004 च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालं. महिन्याचं भाडं नाही, छत्री, बॉक्स आणि वायर एकदाच विकत घ्यायची. उपग्रह जीसॅट-15, 93.5 अंश पूर्वेला. नाशिकहून तो आग्नेयेला येतो, क्षितिजापासून साधारण 57-58 अंश वर. वास्तुशास्त्रवाले खूश होतील. तेव्हा बाल्कनी पूर्वेला किंवा दक्षिणेला उघडत असेल आणि समोर उंच इमारत नसेल तर छत्री कठड्यालाच लागते. नसेल तर गच्ची. गच्ची आली की सोसायटी आली, आणि सोसायटी आली की सेक्रेटरी आले. बाबांना आधी त्यांच्याशी बोलून घ्यायला सांगा.

त्यावर मिळतं काय? डीडी सह्याद्री, डीडी न्यूज, डीडी स्पोर्ट्स हे तर आहेतच. खासगी चॅनेलांना जागा लिलावाने मिळतात, त्यामुळे ती यादी बदलत राहते. पण झी मराठी, स्टार प्रवाह हे पैसे भरून बघायचे चॅनेल, ते तिथे नाहीत. आईची मालिका फ्री डिशवर शोधत बसू नका.

क्रिकेटबद्दल मात्र एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. 2007 च्या कायद्याप्रमाणे भारताच्या संघाच्या महत्त्वाच्या सामन्यांचं चित्र प्रक्षेपणाचे हक्क घेणाऱ्या कंपनीला प्रसार भारतीला (दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला) द्यावं लागतं. पण 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते चित्र दूरदर्शनने स्वतःच्या मनोऱ्यावरून आणि स्वतःच्या फ्री डिशवरूनच दाखवायचं, खासगी केबल आणि डीटीएचवरून नाही. म्हणून सामना चालू असताना केबलवर डीडी स्पोर्ट्स लावलं तर दुसरंच काहीतरी दिसतं आणि छत्रीवर मॅच दिसते. बाबा भारताच्या मॅच बघणारे असतील तर छत्रीचा खर्च तिथेच वसूल. आयपीएल यात येत नाही.

आता ॲप. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर (फेब्रुवारी 2025 पासून जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले), झी मराठी झी फाइव्हवर, सोनी मराठी सोनी लिव्हवर. तीन चॅनेलांवरच्या तीन मालिका, तीन ॲप. नेटच्या प्लॅनमध्ये यातलं काही बांधून येतंय का ते आधी बघा, बऱ्याचदा येतं आणि लोक वेगळे पैसे भरत बसतात.

पैशाचंही स्पष्ट सांगतो. तुमच्याकडे शंभर-दीडशे डॉलरचं बिल गेलं, तो आनंद इथे मिळणार नाही. 1 फेब्रुवारी 2019 पासून ट्राय या सरकारी नियामकाने चॅनेलगणिक किंमत लावायला लावली तेव्हा नुसत्या जोडणीचे 130 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी म्हणजे 153 रुपये 40 पैसे पडायचे, वर चॅनेलांचे वेगळे. 2024 मध्ये ती मर्यादाही काढली. तरी बहुतेक घरांत सगळं मिळून महिन्याला तीन-चारशेच्या आसपास जातात. तेवढ्यासाठी सत्तरीच्या माणसाच्या हातातला रिमोट बदलायचा का, हा खरा प्रश्न.

कारण बाबा चॅनेल बघत नाहीत, नंबर बघतात. हात न बघता तीन आकडे दाबतो. ॲप उघडलं की आधी विचारतं बघणारे तुम्ही कोण, मग जाहिरात, मग शोधा, मग मध्येच लॉगआउट होऊन ओटीपी मागतं. आणि इथे परदेशी मुलांचं नेहमी फसतं: सबस्क्रिप्शन स्वतःच्या नंबरावर काढून देतात. नाशिकला सकाळी अकराला आईने कालचा भाग लावायला घेतला तर ओटीपी एडिसनला मध्यरात्र उलटल्यावर वाजणार. काय घ्याल ते बाबांच्या नंबरावर घ्या. टीव्हीला लावायची स्टिकही इथूनच, इथल्या खात्यावर. अमेरिकेतल्या खात्याची स्टिक आणली की त्यावर तिकडची ॲपची दुकानं उघडतात, इथली अर्धी ॲप दिसतच नाहीत.

माझं मत: पोचल्या पोचल्या पहिल्या दोन दिवसांत सगळं लावा आणि केबल तशीच राहू द्या. तुम्ही असेपर्यंत दोन्ही चालू दे. निघायच्या आदल्या संध्याकाळी लावून गेलात तर पुढचे सहा महिने व्हिडिओ कॉलवर "आता बाण डावीकडे" करत बसाल.

– गंगापूर रोड

प्रेषक: पंचवटीची सून, सॅन होजे

गंगापूर रोडच्या काकांनी सगळं सांगितलं, एक सोडून. लोकल चॅनेल!

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आमच्या सासूबाई दुसरं काही लावू देत नाहीत. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की कमरेला, हे त्यांना तिथल्याच कॅमेऱ्यातून बघायचं असतं, मुंबईच्या बातम्यांतल्या दोन ओळींतून नाही. रंगपंचमीला कुठली रहाड (रंगाचा हौद) उघडली, चैत्रात रामरथ आणि गरुडरथ कुठवर आले, विसर्जनाची मिरवणूक कुठल्या चौकात अडकली, हे छत्रीवर नाही आणि झी फाइव्हवरही नाही. यूट्यूबवर असतं म्हणाल, तर पूर आला की तिथे आधीच्या पुरांचे व्हिडिओच पहिले वर येतात. मागे सासूबाई जुनाच पूर बघून घाबरल्या आणि नदीकाठच्या गाडगे महाराज पुलाजवळच्या नणंदेला वर राहायला बोलावलं. ती बिचारी कोरड्या रस्त्याने, भाजी घेत आली.

आणि केबलवाला. तो पैसे घ्यायला येतो तेव्हा टीव्हीचा इनपुट बदलून देतो, रिमोटचे सेल टाकून देतो. जिओहॉटस्टारवाला येणार आहे का जिना चढून?

आमच्याकडे पॅक लहान केला, केबल ठेवली. ज्याला ॲप हवं तो फोनवर बघतो.

– पंचवटी

प्रेषक: देवळाली कॅम्प, सध्या डॅलस

वीज गेल्यावर काय? आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, पण नेट लगेच जातं आणि वडील मला फोन करतात, जणू डॅलसहून मी वायर ओढून देणार आहे. आणि इथल्या क्रेडिट कार्डाने तिकडचं सबस्क्रिप्शन मला काही घेता आलं नाही. कुणाला जमलं असेल तर सांगा.

– देवळाली

प्रेषक: गंगापूर रोड

देवळाली, राउटर आणि भिंतीवरची फायबरची पांढरी डबी, दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर आहेत का ते वायरमनकडून बघून घ्या. बहुधा राउटर असतो आणि डबी राहून जाते. इन्व्हर्टर नसेल तर 12 व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, त्या दोघांपुरता पुरतो. पण जिन्याखाली ऑपरेटरचं यंत्र असेल आणि तेच विजेअभावी झोपलं तर तुमच्या घरातल्या बॅटरीने काही होत नाही. केबलचंही तसंच, तिचे ॲम्प्लिफायर विजेवर चालतात. छत्री इथे जिंकते: तिच्या तोंडाशी जो एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा भाग असतो त्याला वीज घरातल्या बॉक्सकडूनच वायरमधून जाते, त्यामुळे टीव्ही आणि बॉक्स इन्व्हर्टरवर असला की पुरे. मुसळधार पावसात मात्र छत्रीचं चित्र फुटतं, तिच्या केयू बँडच्या लहरींना पाणी सोसत नाही. सर ओसरली की येतं. फायबरला पावसाचं काही नाही, त्याला भीती खोदकामाची. सिंहस्थ 2027 ला आहे आणि रस्त्यांची कामं निघालीत, तेव्हा ती संपेपर्यंत घरात दुसरा कुठलातरी मार्ग असलेला बरा.

कार्डाचं म्हणाल तर दर महिन्याला आपोआप पैसे कापायच्या भानगडीत पडू नका. ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचे नियम कडक आहेत. वर्षाचा प्लॅन एकदम घ्या, इथल्या एनआरओ (परदेशस्थांच्या रुपयांतल्या) खात्यातून. 2023 पासून काही बँकांत अमेरिकेच्या नंबरावरही यूपीआय चालू करून मिळतं.

पंचवटी, लोकल चॅनेलचा मुद्दा मान्य. नणंदेचं ऐकून हसलो.

– गंगापूर रोड

प्रेषक: लिस्टची व्यवस्था

हॉलच्या भाड्याचे मेल या धाग्यात येत आहेत, कृपया ते त्यांच्या विषयाखाली पाठवावेत. बाकी चालू द्या.

प्रेषक: इंदिरानगर, सध्या एडिसन

सगळ्यांचे आभार. अँटेना बॅगेतून काढला.

काल बाबांना फोन करून आधी विचारलं, नक्की काय काय बघता. आई: स्टार प्रवाहवर दोन मालिका, झी मराठीवर एक, आणि गुरुवारी कुठलंसं कीर्तन, ते कुठल्या चॅनेलवर ते तिला माहीत नाही, नंबर माहीत आहे. बाबा: सह्याद्रीच्या संध्याकाळच्या बातम्या, मॅच, आणि लोकल चॅनेल. पंचवटी, तुमचं तंतोतंत खरं. मी लोकलचं नाव काढल्यावर ते म्हणाले, "मग आपल्या कॉलनीचं पाणी कधी येणार ते कुठे कळणार?"

बाल्कनीतून आम्हाला पांडवलेणीचा डोंगर दिसतो, म्हणजे तोंड नैऋत्येला. तेव्हा छत्री गच्चीवरच. सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोला म्हटलं, तर कळलं की यंदापासून सेक्रेटरी बाबाच आहेत, आणि गच्चीवर नवीन छत्री लावू द्यायची नाही हा ठरावही त्यांनीच मांडलाय. वॉटरप्रूफिंगला भोकं पडतात म्हणून. आता स्वतःच्या मुलीसाठी ठराव फिरवला तर चौथ्या मजल्यावरचे गप्प बसणार नाहीत, असं म्हणाले. वॉटर टँकच्या भिंतीला क्लॅम्पने लावली तर भोक पाडावं लागत नाही ना? काका, तुमची कशी लावलीय? फोटो टाकता आला तर बाबांना पाठवते, ते सभेपुढे ठेवतील.

तोवर असं ठरलंय: केबल राहतेय, पण पॅक सगळ्यात लहान, म्हणजे लोकल, सह्याद्री आणि आईचा कीर्तनाचा नंबर त्यात येतो की नाही तेवढं केबलवाल्याला विचारून. मालिकांसाठी ॲप, बाबांच्या नंबरावर, वर्षभराचं. भाऊबीजेनंतर गंगापूर रोडला येऊन तुमची जोडणी बघून जाऊ का? रविवारी सकाळी चालेल?

– इंदिरानगर