बर्लिन: ब्लू कार्डवर नोकरी सांभाळून साउंड स्टुडिओत इंटर्नशिप कशी बसवावी?

निनाद_बर्लिन
नमस्कार मंडळी. बर्लिनमध्ये सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी आहे: आठवड्याला ४० तास, वर्षाला ५५,००० युरो, टॅक्स क्लास १ (एकट्या माणसाचा करगट). ब्लू कार्डाला, म्हणजे ठरावीक पगाराच्या अटीवर मिळणाऱ्या कुशल परदेशी कर्मचाऱ्यांच्या परवान्याला, दीड वर्ष झालं. चित्रपटांचं साउंड पोस्ट-प्रॉडक्शन करणारा एक छोटा स्टुडिओ सहा महिन्यांसाठी इंटर्न म्हणून घ्यायला तयार आहे. आठवड्यातून दोन दिवस या म्हणतात, पैशांचं अजून बोलणं झालेलं नाही. माझा बेत असा: नोकरी ३२ तासांवर आणायची, शुक्रवार मोकळा करायचा आणि शुक्रवार-शनिवार स्टुडिओत जायचं. व्हिसा, टॅक्स, तास यात कुठे अडकेन? आणि इतक्या थोड्या वेळात शिकायला कितपत मिळतं?

अरुंधती_पॉट्सडाम
३२ तासांचा बेत आधी सोडा. ५५,००० चे ८० टक्के म्हणजे ४४,०००. ब्लू कार्डाची २०२६ ची पगारमर्यादा ५०,७०० युरो आहे आणि आयटीसारख्या, माणसं कमी पडणाऱ्या म्हणजे टंचाईच्या व्यवसायांना ४५,९३४.२०. तुम्ही दोन्हींच्या खाली जाता. स्टुडिओचे पैसे त्यात मिळवून भागणार नाही, कारण कार्ड ज्या नोकरीवर मिळालं त्याच नोकरीचा पगार बघतात. ३६ तास केलेत तर ४९,५०० राहतात, म्हणजे टंचाईच्या मर्यादेच्या वर. तरी तास कमी करण्याच्या करारावर सही करण्याआधी आउसलेंडरबेहोर्डेला (परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला) लिहून विचारा, आणि कार्ड कुठल्या मर्यादेवर मिळालं होतं तेही तपासा. ही मर्यादा दर जानेवारीला बदलते. नूतनीकरण पुढच्या वर्षात येत असेल तर त्या वर्षीचा आकडा लागेल.

दुसरं, कार्डासोबतचा हिरवा कागद, म्हणजे त्सुझात्सब्लाट, काढून वाचा. 'एर्वेर्ब्सटेटिगकाइट गेश्टाटेट' (कमाईचं काम करायला परवानगी) असेल तर नोकरी आणि स्वतंत्र व्यवसाय दोन्ही चालतं. त्यावर फक्त तुमच्या कंपनीचं नाव आणि पद असेल तर इंटर्नशिपसाठी वेगळी परवानगी हवी. पहिल्या १२ महिन्यांनंतर नोकरी बदलताना कळवावं लागत नाही हे खरं, पण नोकरी बदलणं आणि जोडीला दुसरं काम धरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. अर्जाला स्टुडिओच्या कराराचा मसुदा आणि कंपनीचं संमतिपत्र जोडा. 'बिनपगारी आहे, मग विचारायचं कशाला' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

तास कमी करताना आणखी एक मेख आहे. कायद्याने मागितलेली साधी टाइलत्साइट (अर्धवेळ नोकरी) कायमची असते, पुन्हा ४० तासांवर येण्याचा हक्क त्यात नसतो. ब्रुकेनटाइलत्साइटमध्ये (ठरावीक मुदतीच्या अर्धवेळ नोकरीत) परत येता येतं, पण ती किमान एक वर्षाची, ४५ हून अधिक माणसं असलेल्या कंपनीत आणि तीन महिने आधी मागावी लागते. तुम्हाला सहाच महिने हवेत, म्हणून एचआरशी आपसात लेखी करार करा आणि त्यात परत ४० तासांवर येण्याची तारीख घाला.

हिशेबी
तासांचं गणित असं. जर्मन कायद्यात दोन्ही मालकांकडचे तास एकत्र मोजतात आणि इंटर्नही त्यात येतो. दिवसाला ८ तास, सोमवार ते शनिवार धरून आठवड्याला सरासरी ४८. एखाद्या दिवशी १० पर्यंत चालतं, पण सहा महिन्यांच्या सरासरीत ते खाली आलं पाहिजे. शिवाय काम संपल्यापासून पुढचं सुरू होईपर्यंत ११ तास विश्रांती. स्टुडिओत रात्री ११ पर्यंत थांबलात तर सकाळी १० च्या आधी ऑफिसचा कॉलसुद्धा घ्यायचा नाही.

३२ अधिक १६ म्हणजे बरोबर ४८. ऑफिसातला एखादा सॉफ्टवेअर रिलीज लांबला की मर्यादा ओलांडली. म्हणून चार दिवस ९ तास नोकरी आणि शुक्रवारी ८ तास स्टुडिओ. एकूण ४४, चार तास हाताशी.

पैशांचं आत्ताच बोला. ऐच्छिक इंटर्नशिप तीन महिन्यांहून मोठी ठरली की पहिल्या दिवसापासून किमान वेतन लागू होतं, २०२६ साली तासाला १३.९० युरो. तुमची सहा महिन्यांची आहे, तेव्हा फुकट हा पर्यायच नाही. आठवड्याला ८ तास म्हणजे महिन्याला साधारण ४८२ युरो. मिनीजॉबची, म्हणजे कर-वर्गणीत सवलत असलेल्या छोट्या नोकरीची, मर्यादा महिन्याला ६०३, त्यामुळे हे आरामात बसतं. मुख्य नोकरीसोबतचा पहिला मिनीजॉब आरोग्यविम्याच्या वर्गणीत धरत नाहीत. पेन्शनचे ३.६ टक्के तुमच्याकडून कापतात, तेही अर्ज करून टाळता येतं. स्टुडिओने २ टक्के एकत्रित कर भरला तर तुमच्या टॅक्सला धक्का लागत नाही. ही ओळ करारात लिहून घ्या.

दोन दिवस गेलात तर साधारण ९६४ युरो होतात. मग मिनीजॉब संपला, टॅक्स क्लास ६ (दुसऱ्या नोकरीचा, जास्त कापणारा करगट) लागतो, वर्गण्या पूर्ण कापल्या जातात आणि टॅक्स रिटर्न भरणं सक्तीचं होतं. जादा कापलेला कर रिटर्नमध्ये परत येतो, पण तोवर हातात फार थोडं पडतं.

भरपगारी रजा काढून स्टुडिओत जायचा सल्ला मिळेल. रजेत विश्रांतीच्या हेतूला बाधा आणणारं कमाईचं काम करायला कायद्याने मनाई आहे. बिनपगारी रजा एक महिन्यापुढे गेली तर नोकरीवरचा आरोग्यविमा थांबतो, मग तो स्वतः भरायचा.

फोलीवाली
शिकण्याबद्दल. शनिवार घेऊ नका. मिक्स, दिग्दर्शकाचं ऐकणं, दुरुस्त्या हे सगळं सोमवार ते शुक्रवार चालतं. शनिवारी स्टुडिओ रिकामा असतो आणि इंटर्नच्या वाट्याला लायब्ररीतल्या फाइलींना नावं देणं येतं. संध्याकाळचे दोन-दोन तासही फुकट जातात, सेशन उघडून कुठे होतो ते आठवेपर्यंत अर्धा तास जातो. एक पूर्ण दिवस, पण कुठला ते त्यांच्या मिक्सच्या वेळापत्रकावरून ठरवा. शुक्रवारी नुसती डिलिव्हरीची घाई असेल तर बुधवार मागा.

आठवड्यातून एकदा येणाऱ्याला चालू रीळ देत नाहीत, कारण मधल्या चार दिवसांत एडिट बदलतो आणि तुमचं काम जुन्या कटवर राहतं. म्हणून स्वतःत पूर्ण होणारं काम मागा: एका सीनची डायलॉग सफाई, एका रिळातले पावलांचे आवाज, एडीआरची (स्टुडिओत पुन्हा रेकॉर्ड करायच्या संवादांची) यादी.

जाण्याआधी घरी हा सराव करा. तीन मिनिटांचा संवाद, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, २५ फ्रेम. प्रत्येक पात्राची वाक्यं वेगळ्या ट्रॅकवर काढा. वाक्यांमधली मोकळी जागा त्याच टेकमधल्या रूम टोनने (कोणी बोलत नसतानाच्या जागेच्या आवाजाने) भरा. तिथे निव्वळ शांतता सोडली तर प्रत्येक वाक्यानंतर आवाजाला भोक पडल्यासारखं ऐकू येतं. जोडावर दोन-तीन फ्रेमचा क्रॉसफेड (एक आवाज विरत दुसरा वर येणं) द्या (एक फ्रेम ४० मिलिसेकंद). नॉइज रिडक्शन सगळ्यात शेवटी आणि थोडं. आधीच जोरात लावलं तर 'स', 'श' पातळ होतात आणि ते परत आणता येत नाहीत. इथल्या टीव्हीसाठी लाउडनेस (आवाजाची सरासरी पातळी) उणे २३ एलयूएफएस (तिचं एकक) लागतो, तो मीटरवर बघायची सवय लावा.

निनाद_बर्लिन
खूप आभार. एक दिवस आणि ३६ तास असंच मागतो. कंपनीच्या संमतिपत्रात काय काय असावं?

अरुंधती_पॉट्सडाम
स्टुडिओचं नाव आणि क्षेत्र, सुरुवात-शेवटाच्या तारखा, वार, आठवड्याचे तास, दोन्हींची बेरीज ४८ च्या आत असल्याचा उल्लेख, आणि हे काम कंपनीच्या स्पर्धेत नसल्याचं एक वाक्य. स्पर्धा, तासांचा भंग किंवा मुख्य कामावर होणारा परिणाम अशा रास्त कारणाशिवाय कंपनीला नकार देता येत नाही, म्हणून या मुद्द्यांची उत्तरं अर्जातच द्या. कंपनीचा लॅपटॉप स्टुडिओच्या कामाला वापरणार नाही हेही लिहा. तोंडी 'हो' वर थांबू नका, ईमेलवर घ्या.

फोलीवाली
स्टुडिओच्या करारात क्रेडिटचं आणि शो-रीलसाठी क्लिप वापरायच्या परवानगीचं कलम आत्ताच घालून घ्या. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर निर्मात्याकडून ही परवानगी मिळवणं फार अवघड जातं.