‘एकच जोडी’ की ‘एक तरी जोडी’? समलंब चौकोनाचं काय करायचं

कर्णरेषा (बडोदे)
बडोद्यात मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांची मुलं एका शिकवणीत बसली की हा वाद ठरलेला. मराठी पुस्तकात समोरासमोरच्या बाजूंची ‘एकच’ जोडी समांतर असेल तरच तो समलंब चौकोन. एनसीईआरटीचं (केंद्रीय अभ्यासक्रमाचं) नववीचं पुस्तक, जे बरीच वर्षं चाललं, त्यात मात्र समांतरभुज चौकोन हाही समलंब, असं सरळ लिहिलेलं.

माझं मत: तो ‘च’ काढा, ‘एक तरी’ म्हणा. चौरस हा आयत, आयत हा समांतरभुज, इथपर्यंत दोन्ही पुस्तकं समावेशकच आहेत. मग पुढच्याच पायरीवर दार का लावायचं? क्षेत्रफळाचं सूत्र बघा: समांतर बाजूंची बेरीज गुणिले उंची, भागिले २. बाजू ८ आणि ६, उंची ५, उत्तर ३५. आता ६ ची बाजू वाढवत ८ करा. सूत्र ४० देतं, आणि समांतरभुजाचं ८ × ५ हेही ४०च. सूत्राला ‘च’ माहीतच नाही.

शब्दप्रमाण
असहमत. पानात पुरणपोळी वाढली असताना ‘पोळी आहे’ म्हणणं खोटं नाही, पण तसं कोणी म्हणत नाही. नावाने जास्तीत जास्त सांगावं. ‘एक तरी’ केलंत, तर ‘आकृती ओळखा’ या प्रश्नाला चौरसाखाली ‘समलंब’ लिहिणाऱ्याचे गुण कशाच्या आधारावर कापणार?

आणि हे काही आमचं खूळ नाही. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातली २२ वी व्याख्या वाचा: चौरसाच्या बाजू समान आणि कोन काटकोन, आयत काटकोनी, पण समभुज नाही, समभुज चौकोन समान बाजूंचा, पण काटकोनी नाही. प्रत्येकाचा कप्पा वेगळा.

दांडियाबाजार
युक्लिडने कप्पे केले खरे, पण वापरले कुठे? त्याच पुस्तकाच्या ४६ व्या प्रमेयात चौरस काढताना तो आकृतीला आधी समांतरभुज ठरवतो आणि ३४ व्या प्रमेयातून संमुख बाजू समान घेतो. चौरस समांतरभुजात नसता, तर ती सिद्धताच उभी राहिली नसती. दुसऱ्या पुस्तकाच्या पहिल्याच व्याख्येत आयताला ‘काटकोनी समांतरभुज’ म्हटलंय, आणि तिथे चौरस वगळलेला नाही.

नावावर तर मुळीच जाऊ नका. आपल्या बडोद्यात गुजरातीत आयताला ‘लंबचोरस’ म्हणतात. शब्दावरून आयत हा चौरसाचा प्रकार ठरेल. नेमकं उलटं!

गुण्या-ओळंबा
कागदावर ‘च’ ठेवा नाहीतर काढा, पण समलंब आणि आयत यांचं नातं विसरलं की चौकट फसते. सुतार दाराची चौकट दोन्ही कर्ण मोजून तपासतो. समान आले की खिळे ठोकले. ९०० × २१०० मिमीच्या चौकटीचा कर्ण साधारण २२८५ यायला हवा.

आता वरची पट्टी ८९० कापली गेली आणि खालची ९१०, फरक दोन्ही टोकांना सारखाच वाटला गेलेला. आडवं अंतर दोन पट्ट्यांच्या सरासरीएवढं, म्हणजे ९००च, म्हणून दोन्ही कर्ण पुन्हा २२८५. उभ्या बाजूंतला फरक मिलिमीटरच्या शतांशांत. टेप सगळं ठीक सांगते आणि दार वर घासतं. समान कर्ण हा आयताचा गुण खरा, पण तो समद्विभुज समलंबातही आहे, व्यत्यास, म्हणजे उलट विधान, चालत नाही. आधी वरखालच्या पट्ट्या मोजा, मग उभ्या, कर्ण शेवटी.

आठवी-अ
मी कर्णरेषांच्या बाजूने आहे, पण नुसता ‘च’ काढून भागत नाही, हे कोणी बोलत नाहीये. समद्विभुज समलंबाची नेहमीची व्याख्या: उरलेल्या दोन बाजू समान. ‘एक तरी’ केलं की तिरका समांतरभुजही यात घुसतो, कारण त्याची उरलेली जोडी समान असतेच. मग कर्ण समान, पायाचे कोन समान, चौकोन चक्रीय (चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर), ही तिन्ही प्रमेयं कोसळली. ताळा घ्या: बाजू ८ आणि ५, मधला कोन ६०°. एक कर्ण बरोबर ७, दुसरा साधारण ११.४.

उपाय: व्याख्या बाजूंवरून न करता कोनांवरून करा. ‘समांतर बाजूंपैकी एकीला लागून असलेले दोन्ही कोन समान.’ ६०° आणि १२०° वाला बाहेर, आयत आत, तिन्ही प्रमेयं शाबूत.

कर्णरेषा (बडोदे)
@आठवी-अ, मान्य, हे मूळ मांडणीतच यायला हवं होतं.

@शब्दप्रमाण, उत्तरायण जवळ आलंय म्हणून पतंगावरून सांगते. खराट्याच्या दोन काड्या, २४ सेंमी आणि १० सेंमी. उभी लांब (इकडे ढढ्ढो म्हणतात ती), आडवी तिच्यावर काटकोनात, आडवीच्या मध्यावर दोऱ्याने सैल बांधलेली, म्हणजे वरखाली सरकवता येते. आडवी काडी वरून ६ सेंमीवर ठेवा: पतंग. ९ वर: पतंग. १२ वर आणली की चारही बाजू १३, म्हणजे समभुज. १३ वर पुन्हा पतंग. तुमच्या कप्प्यांनुसार १२ वर तो पतंग राहात नाही आणि लगेच पुन्हा होतो. पण कर्ण तिथेही लंब आणि क्षेत्रफळ तिथेही कर्णांच्या गुणाकाराचं निम्मं, १२०. गेलं काय?

शब्दप्रमाण
पतंगाचं पटलं, समभुज त्यात घेतो. एक कर्ण दुसऱ्याचा लंबदुभाजक, एवढीच व्याख्या असेल तर त्याला बाहेर ठेवायला जागाच नाही. समलंबाचा ‘च’ मात्र सोडत नाही. गुणांचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

दांडियाबाजार
प्रश्नच बदला की. ‘आकृती ओळखा’ ऐवजी ‘सर्वांत नेमकं नाव लिहा’. चौरसाखाली ‘समलंब’ लिहिलं तर अर्धा गुण, आणि कापायला कारणही हातात.