मदत हवी आहे: स्लो कुकरमध्ये भात कडेला लगदा, मध्ये कणी

विजेवर मंद आचेने शिजवणारा हा कुकर साडेपाच लिटरचा, अंडाकृती. आतलं भांडं चिनी मातीचं, झाकण काचेचं. लो, हाय आणि वॉर्म एवढ्याच सेटिंग्ज, टायमर नाही. दीड कप लांब दाण्याचा पांढरा तांदूळ, तीन कप नळाचं पाणी, मीठ, एक चमचा तेल, असं सगळं एकदमच घालून हायवर अडीच तास ठेवलं. परिणाम असा: भिंतीला लागून दोन बोटं रुंदीचा पट्टा चिकट आणि पिवळसर, एका टोकाला खरपुडी. मधला भात वरून ओला, पण शीत दाबलं तर आत पांढरा कडक ठिपका. मध्ये दोनदा झाकण उघडून ढवळलं होतं.

पाणी वाढवलं तर कडा आणखी लगदा होतात, कमी केलं तर मध्ये कणी राहते. मोकळा भात हवा आहे. प्रमाण चुकतंय की पद्धतच चुकतेय? शिवाय भात झाल्यावर चार-पाच तास वॉर्मवर ठेवला तर चालेल का?

प्रतिसाद १

प्रमाणापेक्षा पद्धत जास्त चुकतेय. तुमचं पाणी गार होतं, सगळं तिथूनच बिघडलं.

स्लो कुकरची तापणारी तार बहुतेक करून भांड्याच्या भिंतीभोवती असते, तळाखाली नाही. वॅटही बेताचेच. एवढं गार पाणी आणि जड मातीचं भांडं तापायलाच तास-दीड तास जातो. तांदळातला स्टार्च फुगायला जातीनुसार ५५ ते ७९ अंश सेल्सिअस लागतात आणि लांब दाण्याच्या बऱ्याच जाती यातल्या वरच्या टोकाकडे असतात. भिंतीजवळचं पाणी तिथवर लवकर पोचतं, मधलं बरंच उशिरा. म्हणजे कडेचा तांदूळ शिजून फुटायला लागतो तेव्हा मधला नुसता कोमट पाण्यात भिजत पडलेला असतो. त्यात कडेचा तांदूळ आधी फुगून पाणी पिऊन टाकतो आणि मधल्याला ऐन वेळी कमी पडतं. तुम्ही सांगितलेली दोन्ही लक्षणं यातूनच आली आहेत.

उपाय: आधण वेगळं उकळून घाला. पण एक धोका लक्षात ठेवा. गार चिनी मातीच्या भांड्यात एकदम उकळतं पाणी ओतलं तर ते तडकू शकतं. भांडं आधी गरम नळाच्या पाण्याने भरून दहा मिनिटं ठेवा, ते पाणी ओतून द्या, तळाला आणि भिंतींना अर्ध्या उंचीपर्यंत तेल किंवा लोणी लावा, निथळलेला तांदूळ पसरा आणि मगच त्यावर उकळतं पाणी सावकाश ओता. रिकामं भांडं हायवर तापवत ठेवू नका.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण प्रमाणही बघायला हवं. पातेल्यात भात करताना बरीच वाफ उडून जाते, म्हणून एकास दोन पाणी खपतं. स्लो कुकरचं जड झाकण वाफ अडवतं, ती थेंब होऊन परत भातावर पडते. त्यामुळे धुऊन निथळलेल्या लांब दाण्याच्या पांढऱ्या तांदळाला एकास पावणेदोनपासून सुरुवात करा. २४० मिलीचे २ कप तांदूळ (साधारण ३८० ग्रॅम) आणि ८४० मिली पाणी. नवा तांदूळ असेल तर यातून अर्धी वाटी कमी करा, जुना जास्त पाणी पितो.

तांदूळ अर्धा तास भिजवणार असाल तर तो आधीच १०० ग्रॅमच्या आसपास पाणी पिऊन बसतो. अंदाज करत बसू नका. निथळल्यावर वजन करा, जितकं वाढलं तितकं आधणातून वजा करा. भिजवलेल्या तांदळाला पूर्ण मापाचं पाणी घातलं की भात आसट होणारच.

आणि दीड कप तांदूळ साडेपाच लिटरच्या भांड्याला फारच कमी आहे. तळाशी पातळ थर पसरतो आणि त्यातला बराचसा भाग भिंतीजवळच येतो. एवढ्या मोठ्या कुकरला किमान तीन कप तांदूळ हवा. त्याच्या निम्म्या आकाराच्या कुकरला दीड ते दोन कप ठीक.

प्रतिसाद ३

कमीच करायचा असेल तर भांड्यात भांडं ठेवा. स्लो कुकरमध्ये दोन बोटं उंचीचं कढत पाणी घाला, त्यात आच सहन करणारा काचेचा किंवा स्टीलचा खोल वाडगा ठेवा आणि तांदूळ व उकळतं आधण त्या वाडग्यात. बाहेरचं पाणी वाडग्याच्या अर्ध्या उंचीच्या वर जाऊ देऊ नका. भिंतीचा चटका थेट भाताला लागत नाही, म्हणून कड करपत नाही. वेळ २० ते ३० मिनिटं जास्त लागतो. या पद्धतीत वाडग्यावर सैल झाकणी किंवा फॉइल हवीच, नाहीतर मोठ्या झाकणाचं सगळं पाणी भातात गळतं.

प्रतिसाद ४

एवढं काही करायची गरज नाही. लोवर रात्रभर ठेवून द्या, सकाळी तयार. लोवर करपत नाही.

प्रतिसाद २

मोकळा भात हवा असेल तर हे करू नका. बहुतेक कुकरमध्ये लो आणि हाय दोन्ही शेवटी उकळीच्या जवळच पोचतात, फरक तिथवर पोचायला लागणाऱ्या वेळाचा. लोवर तांदूळ कोमट पाण्यात आणखी रेंगाळतो आणि शिजल्यावरही तासन् तास गरम राहतो. शितं फुटून गोळा होतो.

राइस कुकरशी तुलना करून बघा. त्याच्या तळाशी तापमानावर पडणारा खटका असतो. पाणी आहे तोवर भांडं १०० अंशांच्या फारसं पुढे जात नाही, पाणी जिरलं की तळ तापतो आणि खटका पडतो. साध्या स्लो कुकरला भात झालेला कळतच नाही. तो तापवतच राहतो, तेव्हा वेळ आपणच मोजायची.

रात्रभराची पद्धत मऊसूत, पातळ भातासाठी मात्र फार छान. आखूड दाण्याचा तांदूळ, एकास आठ पाणी, लोवर सहा ते आठ तास. तिथे शितं फुटायलाच हवी असतात, आणि हे काम स्लो कुकरइतकं बिनघोर दुसऱ्या कुठल्या भांड्यात होत नाही.

प्रतिसाद १

आता वेळेचं बोलतो. उकळतं आधण घातल्यावर एकदाच हलक्या हाताने ढवळा, तांदूळ सपाट करा, भिंतीला चिकटलेले दाणे पाण्यात ढकला. झाकण लावून हाय. पुढचे सव्वा तास हात लावायचा नाही. झाकण उघडलं की साठलेली वाफ जाते आणि ती भरून यायला १५-२० मिनिटं लागतात, तुम्ही तर दोनदा उघडलंत. अर्धवट शिजलेला भात ढवळला की शितांवरचा स्टार्च सुटून खळ तयार होते, ते वेगळंच.

सव्वा तासाने उघडा, मधलं शीत चमच्यावर घेऊन दोन बोटांत चेपा. शितावरून भाताची परीक्षा इथे करायची ती मधल्या शितावरून, कडेच्या नाही. बोटचेपं झालं असेल आणि पाणी दिसत नसेल तर कुकर बंद. अजून बारीक कणी लागत असेल तर १५ मिनिटं आणखी. पाणी पूर्ण आटलंय आणि कणी आहे असं झालं तर तीन-चार चमचे उकळतं पाणी मध्यभागी शिंपडा, कडेला नको.

त्याच वेळी झाकणाखाली सुती पंचा ताणून घाला आणि त्याची चारही टोकं झाकणावर दुमडून घ्या, तापलेल्या बाहेरच्या अंगाला लोंबू देऊ नका. झाकणावरचे थेंब कापड टिपून घेतं, वरचा थर ओला राहत नाही. बंद केल्यावर १० मिनिटं वाफ मुरू द्या, मग काट्याने कडेकडून मोकळा करा.

उकडा तांदूळ असेल तर एकास दोन पाणी, पावणेदोन ते दोन तास. सुरुवात करणाऱ्याने हाच घ्यावा, थोडं चुकलं तरी दाणा फुटत नाही. ब्राउन राइसला एकास सव्वादोन आणि अडीच ते तीन तास, कोंड्यामुळे पाणी आत शिरायला वेळ लागतो. टोमॅटो, लिंबू किंवा व्हिनेगर घालायचं असेल तर शेवटी. आंबटात शीत लवकर मऊ पडत नाही.

प्रतिसाद ५

वॉर्मचं उत्तर राहिलं, आणि ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. तांदळात बॅसिलस सिरियस या जिवाणूची बीजं असू शकतात आणि ती शिजवल्यावरही टिकतात. भात ५ ते ६० अंशांच्या मध्ये रेंगाळला की ती वाढतात. उलटी करवणारं त्यांचं विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. म्हणून 'नंतर चांगला उकळून घेऊ' हा उपाय इथे चालत नाही.

वॉर्मवर भात ६० अंशांच्या वर राहतो का, हे थर्मामीटर भाताच्या मध्यभागी खुपसून बघा. राहत असेल तर चार तास धोका नाही, पण कडा सुकतील आणि चव उतरेल. मी तासाभरापलीकडे ठेवायला सांगणार नाही. कुकर बंद करून भात त्यातच ठेवणं सगळ्यात वाईट, कारण मातीचं भांडं हळूहळू निवतं आणि भात नेमका त्या धोक्याच्या पट्ट्यात तासन् तास बसतो. उरलेला भात लगेच ताटात पातळ पसरा, तासाभराच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, २४ तासांत संपवा, आणि एकदाच गरम करा, अगदी वाफा येईपर्यंत.

कुकर जुना असेल तर एक चाचणी करा. भांडं अर्धं पाण्याने भरून लोवर आठ तास ठेवा आणि झाकण काढल्याबरोबर तापमान मोजा. सुमारे ८५ अंश यायला हवेत. बरेच कमी आले तर तो कुकर अन्न शिजवायला वापरू नका.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. तीन कप तांदूळ, न भिजवता धुऊन निथळलेला, सव्वा लिटर उकळतं आधण, हायवर सव्वा तास, मग पंचा लावून १५ मिनिटं. कडा मोकळ्या, मध्ये कणी नाही. फक्त अंडाकृतीच्या एकाच टोकाला तळाशी हाताच्या पंजाएवढी खरपुडी आहे. मागच्या वेळीही त्याच टोकाला होती. तेल दोन्हीकडे सारखंच लावलं होतं.

प्रतिसाद ३

त्या टोकाला तार जास्त तापत असावी. पुढच्या वेळी एक तासाने आतलं भांडं जाड हातमोजे घालून उचला आणि अर्धा फेरा फिरवून परत बसवा, झाकण न उघडता. खरपुडी भांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेली किंवा नाहीशी झाली तर दोष कुकरच्या तारेचा. भांड्याच्या त्याच टोकाला राहिली तर तिथल्या तळाची झिलई खरवडली गेली आहे का बघा, तिथे भात धरतो.