अनुभव धागा: दहा वर्षांपुढची जुनी गाडी घेताना काय काय तपासता?

जुनी गाडी घेणाऱ्याला 'मेकॅनिकला दाखवून घ्या' एवढाच सल्ला मिळतो. मेकॅनिक नेमकं काय बघतो ते इथे जमवूया. किस्से नकोत. हात कुठे घालायचा, काय दिसलं तर गाडी सोडायची आणि कशाचे पैसे किमतीतून कमी करून घ्यायचे, तेवढं लिहा.

इंजिन

आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका, असं मालकाला आदल्या दिवशीच सांगा. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा, कारण बऱ्याच खोडी पहिल्या अर्ध्या मिनिटातच दिसतात.

सुरू होताना निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील गेलेत. हे काम आटोक्यातलं आहे. गाडी तापल्यावरही रेस करताना निळा धूर येत राहिला तर रिंगा गेल्या, म्हणजे इंजिन उघडणं आलं. सकाळची पांढरी वाफ चालते. ती तापल्यावरही येत असेल आणि वास गोडसर असेल तर कूलंट सिलिंडरमध्ये जातंय, हेड गॅस्केट गेलंय. ऑईलच्या झाकणाखाली दुधावरच्या सायीसारखा थर दिसला तर लगेच घाबरू नका. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत पावसाळ्यात तो धरतो. डिपस्टिक काढा, तिच्यावरचं ऑईलही दुधाळ असेल तर मात्र निघा.

डिझेल असेल तर इंजिन चालू ठेवून ऑईलचं झाकण सैल करा आणि तसंच वर ठेवून द्या. किंचित हललं तर ठीक. फकफक करत उडालं तर ब्लो-बाय आहे, कॉम्प्रेशन खाली गळतंय.

टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे आधीच माहीत करून जा. सँट्रो झिंग, जुनी १.१ लिटरची वॅगनआर यांना बेल्ट आहे. बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललाच नाही असं धरा आणि बेल्ट-टेन्शनरचा खर्च वजा करा. बेल्ट तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो. स्विफ्ट, व्हिस्टा, पुंटोमधल्या १.३ डिझेलला चेन आहे. ती ताणली असेल तर थंड स्टार्टला काही सेकंद खडखड येते. 'सगळ्याच डिझेलचा आवाज असा येतो' हे ऐकून घेऊ नका.

पत्रा आणि रंग

इंजिनाला पैसे ओतून मार्ग निघतो. चेसिस वाकली किंवा गंजली की निघत नाही, म्हणून मी आधी पत्रा बघतो.

चारही दारांचं रबरी बीडिंग हाताने थोडं ओढून काढा. आत कंपनीचे स्पॉट वेल्डचे गोल ठिपके समान अंतरावर दिसले पाहिजेत. ते बुजलेले असतील किंवा तिथे हातवेल्डिंगची वेडीवाकडी रेघ असेल, तर पिलर (छपराला आधार देणारा दारालगतचा खांब) कापून जोडलाय. बॉनेट उघडून दोन्ही एप्रन (पुढच्या चाकांवरचा आतला पत्रा) आणि समोरची आडवी पट्टी ताडून बघा. बिजागऱ्यांच्या बोल्टवरचा रंग उडाला असेल तर बॉनेट उतरवलेलं आहे. कंपनीच्या रंगाची जाडी साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरते; जाडीच्या मापकावर ३००च्या वर आकडा आला की खाली पुट्टी आहे. एका दाराला पुट्टी ही मोठी गोष्ट नाही, शहरात घासाघीस होतेच. छपरावर किंवा पिलरवर पुट्टी असेल तर गाडी उलटलेली किंवा जोरात ठोकलेली असू शकते.

किनाऱ्यालगतच्या, मग रत्नागिरीची असो वा गोव्याची, गाड्यांना रॅम्पवर घेतल्याशिवाय बोलू नका. दारांखालची पट्टी, जॅक लावायची जागा आणि मागच्या शॉकॲबसॉर्बरचे माउंट स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. भद आवाज आला किंवा पापुद्रा सुटला तर आतून सडलंय. वरून मारलेला ताजा काळा अंडरकोट म्हणजे संशय.

पूरग्रस्त गाड्यांबद्दल

२०१९ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ला चिपळूण-महाडच्या पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून कुठेही विकल्या जाऊ शकतात, नंबर कुठलाही असो. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. गुंडाळीतल्या टोकाला गाळाची रेघ राहते, ती कोणी धूत नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीखालचा खड्डा आणि डॅशबोर्डखालचे कनेक्टर बॅटरीने बघा. पिना हिरव्या पडल्या असतील तर वायरिंगचा त्रास काही महिन्यांनी सुरू होतो आणि एअरबॅगचा दिवा कधी लागतो, कधी नाही. ही गाडी निम्म्या किमतीतही नको.

स्कॅनर

चावी फिरवल्यावर चेक इंजिनचा दिवा लागून इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. लागतच नसेल तर बल्ब काढलेला असू शकतो. २०१३ नंतरच्या गाडीला ब्लूटूथ स्कॅनर (गाडीत साठलेले बिघाडाचे कोड मोबाईलवर दाखवणारं यंत्र) लावा. एकही कोड नाही म्हणून खूश होऊ नका, 'कोड पुसल्यापासून किती किलोमीटर' हा आकडा बघा. तो पाच-दहा असेल तर कालच पुसलेत.

मीटर मागे केलाय का, हे क्लच पॅडलच्या रबरावरून आणि स्टिअरिंगच्या चकाकीवरून ओळखतात. पण दोन्ही बदलता येतात. नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुन्या नोंदी काढून घेणं जास्त खात्रीचं.

क्लचसाठी: चढावर चौथ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर. आरपीएम चढला आणि वेग तिथेच राहिला तर प्लेट संपली. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा.

आरटीओची कामं

बयाणा देण्याआधी परिवहनच्या ॲपवर नंबर टाका: कितवा मालक, कर्जाचा बोजा, इन्शुरन्स, नोंदणीची मुदत. बोजा दिसला तर कर्ज फिटलं असलं तरी बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हवाच; गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० त्यानंतर. चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी वाढते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही लागतो. म्हणून चौदा वर्षांची गाडी 'स्वस्त' नसते, हा खर्च आत्ताच मोजा. दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यावर तिकडच्या गाड्या कमी भावात दिसतात. त्यांना तिकडच्या आरटीओची फॉर्म २८ची एनओसी आणि इथला रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. तो धरून हिशेब करा.

इन्शुरन्स पॉलिसीवर नो क्लेम बोनस शून्य असेल तर मागच्या वर्षी क्लेम घेतलाय का, हे विचारा. सीएनजी आरसीवर नोंदलेला हवा आणि टाकीच्या चाचणीची तारीख तीन वर्षांच्या आतली हवी. पैसे देताना थकलेली ई-चलानं मालकाकडून तिथल्या तिथे भरून घ्या.